स्टार्ट-स्टॉप गाडीची बॅटरी बदलताना: नागपूरच्या उन्हाळ्यातल्या नोंदी

गाडी २०१८ची पेट्रोल, सिग्नलवर आपोआप बंद होणारी आणि क्लच दाबला की चालू होणारी. कंपनीची मूळ बॅटरी पाच वर्षं चालली. जून २०२३मध्ये दुसरी टाकली, ती वर्षभरही टिकली नाही. तिसरी घेताना केलेला सगळा उपद्व्याप इथे लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही. घरी मल्टिमीटर, दहाचा पाना आणि रविवारची सकाळ, एवढंच भांडवल.

११ मे २०२४, शनिवार

सकाळी पोराला क्लासला सोडायचं होतं. चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे नाचले आणि बोनेटखालून टक-टक-टक. बस. मनीषनगरातल्या आमच्या बिल्डिंगचं पार्किंग उघडं आहे, सकाळी साडेसातलाच ऊन बोनेटवर.

खालच्या मजल्यावरचे काका केबल घेऊन आले. "काहून रे, मागच्याच वर्षी बदलली होती ना तू?" त्यांच्या गाडीवरून जंप दिला, सुरू झाली.

चूक क्रमांक एक इथेच. काळी क्लिप मी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर लावली. संध्याकाळी मॅन्युअल वाचलं तेव्हा कळलं की निगेटिव्हच्या टर्मिनलवर जो काळा डबीसारखा भाग आहे तो बॅटरीचा सेन्सर. आत-बाहेर जाणारा करंट तो मोजतो आणि त्यावरून गाडी चार्जिंग ठरवते. क्लिप थेट बॅटरीवर लावली तर तो करंट सेन्सरच्या हिशेबातच येत नाही. क्लिप लावायची ती इंजिनाच्या किंवा बॉडीच्या अर्थिंग बोल्टवर. चार्जर लावतानाही तेच.

दुसरी गोष्ट आज आठवून लाज वाटली. गेले तीन महिने स्टार्ट-स्टॉप चालतच नव्हतं. मी खूश होतो, कारण त्याआधी सिग्नलवर एसी बंद पडणं डोक्यात जायचं. मला वाटलं, बिघडलं तर बरंच झालं. बॅटरी कमजोर झाली की गाडी सगळ्यात आधी हेच बंद करते. तीन महिने इशारा समोर होता.

१२ मे, रविवार

पहाटे साडेपाचला, रात्रभर उभ्या गाडीवर मीटर लावला. १३.०५ व्होल्ट.

हे शक्यच नाही. पूर्ण भरलेली, तासन् तास उभी असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. काल जी गाडी सुरू होत नव्हती तिची बॅटरी १३ कशी? अर्धा दिवस यात गेला. केबल, टर्मिनल, स्टार्टरची अर्थिंग, सगळं खोलून घासलं. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली.

शेवटी दुपारी टीव्हीच्या रिमोटसाठी आणलेला कोरा पेन्सिल सेल मोजला. १.७२! नव्या सेलचा १.६च्या आसपास यायला हवा. मीटरच खोटं बोलत होतं. आतला ९ व्होल्टचा चौकोनी सेल उतरला की हे स्वस्त मीटर आकडा वाढवून दाखवतात. कोपऱ्यावर बॅटरीची छोटी खूण आली होती, ती चष्म्याशिवाय दिसली नाही. ६० रुपयांचा सेल बदलला आणि परत मोजलं: १२.१८. म्हणजे जेमतेम निम्मी. स्टार्ट मारताना पोराला बघायला लावलं, ८.९पर्यंत खाली. साडेनऊच्या खाली गेलं की समजायचं दिवस भरत आलेत.

आधी मीटर तपासा, मग बॅटरी. माझा अख्खा रविवार या ओळीची किंमत आहे.

१५ मे

बॅटरी बाहेर काढली आणि पहिल्यांदाच तिचं लेबल नीट वाचलं. मागच्या वर्षी मी ऑफिसात होतो, दुकानाचा माणूस येऊन बसवून गेला होता. मी फोनवरून पैसे पाठवले, ५,४०० रुपये, आणि विषय संपला होता.

लेबलवर: १२ व्होल्ट, ५० एएच (ॲम्पिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता), साधी पाण्याची बॅटरी. मॅन्युअलमध्ये: ६० एएच, ५६० ॲम्प (थंड इंजिन सुरू करायचा जोर, ईएन या युरोपियन मापानं), ईएफबी (स्टार्ट-स्टॉपसाठी मजबूत केलेली पाण्याची बॅटरी). म्हणजे क्षमता कमी, थंड स्टार्टचा जोर कमी आणि जातही वेगळी. तिन्ही चुकलेलं.

आकार तर बघा. या डीआयएन (जर्मन मापाच्या) बॅटऱ्यांची रुंदी १७५ मिमी आणि उंची १९० मिमी, ती बहुतेकांत सारखीच. लांबी बदलते. माझ्या ट्रेला २४२ मिमीची हवी, बसवलेली होती २०७ची. मधल्या साडेतीन सेंटिमीटरच्या फटीत त्या माणसानं टायरचा एक तुकडा कापून ठोकला होता. काळा, कडेला तारा निघालेल्या, वर पेनानं कुठल्यातरी जुन्या बिलाचा हिशेब. खालचा क्लॅम्प बॅटरीच्या बुडाच्या कंगोऱ्याला धरतच नव्हता. म्हणजे अकरा महिने ती टायरच्या भरवशावर हलत होती, आणि आपल्या रिंग रोडचे खड्डे तर माहीतच आहेत. हलणाऱ्या बॅटरीच्या प्लेटवरचा मसाला गळतो.

आणखी एक. ट्रेच्या कडेला कापडी जॅकेटच्या खुणा होत्या, जॅकेट नव्हतं. कंपनी बॅटरीला फेल्टचं आवरण देते ते इंजिनाची धग लागू नये म्हणून. ते त्या दिवशी काढलं आणि परत घातलंच नाही. बॅटरीला थंडी मारते असं सगळीकडे वाचायला मिळतं. आपल्याकडे ती उन्हाळ्यात मरते. थंडीत फक्त कळतं.

१६ मे

दुकानात गेलो. वॉरंटी कार्ड होतं, विक्रीची तारीख होती, शिक्का होता. टेस्टर लावला, चिठ्ठी निघाली: लेबलवर थंड स्टार्टचा आकडा ४५०, प्रत्यक्षात २४०. बदला म्हटलं.

"भाऊ, ही स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत लावली तर वॉरंटी नाही बसत. कार्डाच्या मागं लिहिलं आहे."

"मग लावली कोणी?"

"तेव्हा तुम्हीच म्हटलं असाल, स्वस्तातली द्या म्हणून."

म्हटलं असेनही. पण दोन प्रकार असतात हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. वीस मिनिटं वाद घातला, निघालं काही नाही. कार्डाच्या मागची बारीक अक्षरं खरंच तसं म्हणतात. घरी येताना तर्री-पोहे खाल्ले, डोकं जरा थंड झालं. (तर्रीनं थंड होतं का, असं विचारू नका.)

१८ आणि १९ मे

नुसती बॅटरी चुकीची होती म्हणून इतक्या लवकर मेली, की गाडीतच काहीतरी करंट पितंय? नवी टाकण्याआधी हे बघायचं ठरवलं, नाहीतर तीही जाईल.

पद्धत सोपी वाटते: निगेटिव्ह सोडायचा, मधे मीटर जोडायचं, करंट वाचायचा. शनिवारी मी मीटर मिलीॲम्पच्या जागी लावलं आणि काहीतरी घ्यायला गाडीचं दार उघडलं. आतले दिवे, पंप, सगळं जागं झालं आणि मीटरचा फ्यूज गेला. ३० रुपये, शिवाय फ्यूज शोधायला सीताबर्डीपर्यंत चक्कर. सुरुवात १० ॲम्पच्या भोकातूनच करायची.

रविवारी परत. या वेळी बोनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद केलं, म्हणजे गाडीला वाटावं झाकण लागलंय. दारं बंद. चावी वर घरात, फ्रीजच्या पलीकडे, कारण रिमोट चावी जवळ असली की गाडी झोपतच नाही. पहिला आकडा ३.८ ॲम्प. घाबरू नका, थांबा. सात मिनिटांनी १.१. पंचवीस मिनिटांनी ०.२४, आणि मग तिथेच अडकला.

०.२४ जास्त आहे. झोपलेल्या गाडीनं साधारण ०.०५च्या आत असावं. फ्यूज एक-एक काढायची तयारी केली, पण आधी सहज आरशामागे बघितलं. डॅशकॅमचा निळा ठिपका लुकलुकत होता.

मीच लावलेला. दिवाळीत, फ्यूजबॉक्समधून कायमचा सप्लाय घेऊन, पार्किंगमध्ये रात्री कोणी घासू नये म्हणून. वायर काढली: ०.०२८. म्हणजे एकटा कॅमेरा ०.२१ ॲम्प. मार्चमध्ये यवतमाळला सासरी आठ दिवस गेलो होतो तेव्हा गाडी इथेच उभी होती. ०.२४ गुणिले २४ गुणिले ८ म्हणजे ४६ एएच. बॅटरीच ५०ची! कॅमेऱ्याच्या वायरिंग किटवर व्होल्टेज पडलं की बंद होण्याचं छोटं बटण आहे, ते ११.८वर होतं. ११.८ला बॅटरी जवळपास रिकामी असते. ते आता १२.४वर केलं.

तेव्हा दुकानदाराला दिलेल्या शिव्यांमधल्या निम्म्या परत घेतो.

२० मे

एका इलेक्ट्रिशियनला दाखवलं. त्यानं चालू इंजिनवर मीटर लावलं, १२.७ आलं. "अल्टरनेटर गेला दादा. चार्जच करून नाही राहिला. चौदा हजार लागतील, जुना दिला तर बारा."

मी जवळजवळ हो म्हटलं होतं. जुन्या गाड्यांत इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायलाच हवं, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमावर चालतो. गाडी सरळ जात असताना पेट्रोल वाचवायला तो जवळजवळ सुट्टीवर असतो आणि ॲक्सिलरेटर सोडला, उतार लागला की जोरात भरतो. म्हणून बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवली जाते. साधी बॅटरी याच सवयीनं खराब होते. अर्धवट भरलेल्या प्लेटवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसतो. ईएफबी हीच सवय सोसायला बनवलेली असते.

घरी येऊन हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, ब्लोअर फुल लावलं. मीटर चढत १४.३वर गेलं. अल्टरनेटर धडधाकट. चौदा हजार वाचले.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. दुपारी बाहेर पडू नका असं आईनं तीनदा बजावलं, म्हणून सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर अशी दुकानं फिरलो. कामठी रोडपासून वर्धा रोडपर्यंत चार.

पहिल्यानं ईएफबी नाहीच म्हटलं, साधी ६० एएच पुढे केली. "एकच असते, नाव वेगळं." दुसऱ्याकडे एजीएम (काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड जिरवलेली बंद बॅटरी) होती, १४,५००. मोह झाला. महाग म्हणजे चांगली, हे डोक्यात बसलेलं. पण माझ्या गाडीत बॅटरी इंजिनाच्या शेजारी आहे, वर आपलं ४५ अंशांचं ऊन. एजीएमला उष्णता फार सोसत नाही, आतलं पाणी गेलं तर वरून घालता येत नाही. कित्येक गाड्यांत एजीएम डिकीत किंवा सीटखाली असते ती उगीच नाही. ज्यांच्या गाडीत कंपनीनंच एजीएम दिली आहे त्यांनी मात्र एजीएमच घ्यावी, खाली उतरू नये. माझ्यात ईएफबी आली होती, म्हणून ईएफबी.

तिसऱ्याकडे हवी ती मिळाली, पण प्लसची बाजू उलटी. टर्मिनल आपल्याकडे करून बघितलं तर प्लस डाव्या हाताला. माझ्या गाडीत उजवीकडे लागतो. प्लसची केबल जाड आणि आखूड असते, वर फ्यूजचा डबाही तिलाच चिकटलेला, ती पलीकडे पोचतच नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, "खेचून बसवून देऊ ना काका." नको रे बाबा.

चौथ्याकडे सगळं जुळलं, पण शिक्क्यावरची बनवल्याची तारीख नऊ महिने जुनी. माझं मीटर खिशातच होतं. १२.४२. दुकानाच्या फळीवर ती तेवढी उतरली होती. "चार्ज करून देतो" म्हणाला. मी ताजी मागवा म्हटलं, त्यानं गुरुवारचा वायदा दिला. ऑनलाइन तीच ७०० रुपयांनी स्वस्त होती, पण तिथे जुनी परत घेत नाहीत आणि इथे जुन्या शिशाचे १,००० मिळतात.

३० मे, गुरुवार

आज सगळ्या ग्रुपवर एकच फोटो: नागपूर ५६ अंश. स्वयंचलित केंद्रानं तसा आकडा दिला खरा. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की तिथलं सेन्सरच बिघडलं होतं. मला माझ्या ९ व्होल्टच्या सेलची आठवण आली.

बॅटरी मात्र आली. बनवल्याची तारीख सहा आठवड्यांपूर्वीची, दुकानातच १२.७१. प्लस उजवीकडे, २४२ मिमी, ईएफबी, ६० एएच. ९,२०० वजा १,०००. वॉरंटी कार्डावर गाडीचा नंबर आणि मॉडेल दुकानदाराकडूनच लिहून घेतलं. उद्या "लावली कोणी" हा प्रश्न उरायला नको.

२ जून, रविवार

पहाटे पावणेसहाला सुरुवात. आधी निगेटिव्ह सोडला, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. निगेटिव्हचा क्लॅम्प चिकटला होता. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणार होतो, पण तिथेच सेन्सर आहे. तो तुटला तर महागात पडतं. गरम पाण्याचा कपडा गुंडाळून दोन मिनिटं ठेवला, हातानं फिरवत काढला.

नवी पंधरा-सोळा किलोची. वाकून ट्रेमध्ये उतरवताना कंबरेनं नोंद घेतली. या वेळी क्लॅम्प कंगोऱ्यावर बरोबर बसला, टायरची गरज नाही. कडेच्या वायू बाहेर जायच्या छिद्राची नळी जुनीतून काढून नवीला लावायची असते. ती मी विसरलो, जुनी पिशवीत भरताना दिसली. परत सगळं सोडलं. पंधरा मिनिटं गेली.

जॅकेट मिळालंच नव्हतं, ऑर्डर देऊन आठ दिवस. तोवर म्हणून छताखाली लावतात तो चंदेरी फोम कापून गुंडाळला. ट्रेचं झाकण बसेना. फेकून दिला.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू. मग दिव्यांची जत्रा: स्टिअरिंगचा पिवळा दिवा, घड्याळ शून्यावर, ड्रायव्हरकडची काच एका बोटात वर जाईना. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि थोडी चालवली, दिवा गेला. काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच धरून ठेवलं, तीही सुधारली.

३ ते ६ जून

स्टार्ट-स्टॉप चालेना. नवी बॅटरी टाकलीय हे गाडीला सांगावं लागतं, नाहीतर ती जुन्या म्हाताऱ्या बॅटरीचाच हिशेब धरून चार्ज करत राहते. सगळ्याच गाड्यांत हे लागत नाही, काही स्वतःहून शिकतात. तुमच्या गाडीचं बघून घ्या.

हुशारी म्हणून ९५० रुपयांचा ब्लूटूथचा डोंगल घेतला. चूक दाखवतो, खोडतो, पण बॅटरीची नोंद करायचा पर्याय त्यात नाहीच. ९५० पाण्यात. शेवटी त्रिमूर्तीनगरच्या एका मिस्त्रीकडे मोठं स्कॅनर होतं, पाच मिनिटांचं काम, ५०० रुपये. क्षमता ६०, प्रकार ईएफबी, नोंद झाली. तो म्हणाला, "आता लॉक करून रातभर उभी राहू द्या. उठवू नका तिला." दुसऱ्या रात्रीनंतर, गुरुवारी छत्रपती चौकाच्या सिग्नलला इंजिन बंद पडलं. मागच्यानं लगेच हॉर्न मारला. मला मात्र आनंद झाला.

त्यानंतर बटण दाबून ते बंद करून टाकलं. बाहेर ४४ अंश होते, एसी लागतो.

८ जून

जॅकेट आलं, ७४० रुपये. फेल्टचा एक तुकडा आणि दोन चिकटपट्ट्या. दहा मिनिटांत बसलं, झाकणही लागलं.

आतापर्यंतचा खर्च: बॅटरी ८,२००, जॅकेट ७४०, स्कॅनर ५००, सेल आणि फ्यूज ९०, वाया गेलेला डोंगल ९५०. एकूण १०,४८०. वेळ मोजला तर चार सुट्ट्या. मागच्या वर्षी "स्वस्तात" दिलेले ५,४०० वेगळेच.

१४ जुलै

पाऊस आहे, हवा गार, म्हणून स्टार्ट-स्टॉप परत चालू केलं. रात्रभर उभ्या गाडीवर १२.५६. पूर्ण भरलेली नाही, आणि या गाडीत तशी नसतेच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. स्टार्ट मारताना १०.४पर्यंतच खाली. डॅशकॅम रात्री १२.४ला स्वतः झोपतो. एकदा सकाळी बघितलं तर पहाटे तीनपर्यंतचंच रेकॉर्डिंग होतं. चालेल.

२२ डिसेंबर

आज पहाटे कडाक्याची थंडी. काकांची गाडी टक-टक करत बसली. मी केबल घेऊन खाली गेलो, काळी क्लिप इंजिनाच्या बोल्टवर लावली. त्यांचं लेबल बघितलं: साधी, ४५ एएच, आणि त्यांचीही गाडी स्टार्ट-स्टॉपवाली. ट्रेच्या फटीत या वेळी टायर नव्हता, घडी घातलेला पुठ्ठा होता. काका म्हणाले, "दुकानदार तर म्हणे, फिट बसते." मी वर जाऊन मीटर आणायला गेलो. आधी नवा पेन्सिल सेल मोजला.